छोट्या गाड्या रंगवणं आणि मळवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या कपाटात एसटीची लाल गाडी, दोन ट्रक, एक जीप आणि एक रणगाडा उभा आहे. सगळे मिळून एका ताटात मावतील एवढे. ते बघायला येणारे जे विचारतात, तेच इथे घेतलं आहे. इंग्रजीत ज्याला वेदरिंग म्हणतात त्याला आम्ही घरात सरळ ‘मळवणं’ म्हणतो.

इतक्या मेहनतीने रंगवायचं आणि मग मुद्दाम मळवायचं, हे कशाला?

दोन कारणं आहेत. पहिलं उजेडाचं. खऱ्या ट्रकच्या दाराच्या फटीत बोट जातं, त्यामुळे तिथे आपोआप सावली पडते. तीच फट ४३ पटींनी लहान केली की केसाएवढी उरते आणि सावली दिसेनाशी होते. ती रंगाने भरून द्यावी लागते, नाहीतर गाडी जत्रेतल्या खेळण्यासारखी दिसते.

दुसरं कारण मला जास्त जवळचं. मळाला पत्ता असतो. चिपळूणच्या आगारातली गाडी आणि उदगीरच्या आगारातली गाडी कारखान्यातून एकाच लाल रंगात बाहेर पडली, तरी दोन वर्षांनी शेजारीशेजारी उभी करा. कुठली कुठे धावते हे नंबर न बघता सांगता येतं. मॉडेलवर नुसता तपकिरी रंग फासला की ती फक्त घाणेरडी दिसते. प्रत्येक डाग कुठून आला, हे मला सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं तर मी तो पुसतो.

पहिली गाडी कोणती घ्यावी? आणि १:३५, १:४३ हे काय प्रकरण आहे?

१:४३ म्हणजे खरी गाडी ४३ पट लहान. रणगाड्यांचे किट बहुतेक १:३५ किंवा १:७२ मध्ये येतात, धातूच्या संग्राह्य गाड्या १:४३ मध्ये, खिशात मावणाऱ्या गाड्या साधारण १:६४ मध्ये आणि कारचे प्लॅस्टिक किट १:२४ मध्ये. सुमारे ११ मीटर लांबीची एसटी १:२४ मध्ये ४६ सेंटिमीटरची होते, म्हणजे घरच्यांची परवानगी लागते. १:४३ मध्ये ती साडेपंचवीस सेंटिमीटरवर येते.

हे आकडे पुढे मळवताना कामाला येतात. १:४३ च्या गाडीवर एक मिलिमीटरचा रंग उडालेला ठिपका म्हणजे खऱ्या गाडीवर ४.३ सेंटिमीटरचा पोपडा. १:७२ वर तोच ७.२ सेंटिमीटरचा होतो. नवख्या हाताचे ठिपके नेहमी मोठे पडतात, ते यामुळे.

सुरुवात ट्रक किंवा जीपपासून करा. कारला आरशासारखी चमक लागते आणि रंगात अडकलेला एक केससुद्धा तिथे दिसतो. ट्रक पुष्कळ काही पोटात घालतो.

एसटीचं मॉडेल तयार मिळतं का?

दुकानात मिळतात त्या बहुतेक साधारण बसच्या खेळण्या. हुबेहूब हवी असेल तर ती हातानेच बनवावी लागते, आणि महाराष्ट्रात पुठ्ठा नि सनबोर्डमधून एसटी बनवणारी हौशी मुलं भरपूर आहेत. सनबोर्डच्या कापलेल्या कडा खरखरीत राहतात. त्यांना बारीक पॉलिश पेपर मारून प्रायमरचे दोन हात द्या, नाहीतर रंगानंतर त्या कडा वेगळ्याच दिसतात. थर्माकोलवर स्प्रे मारू नका, तो विरघळून खड्डे पडतात.

रंग कोणते वापरायचे?

तीन घराणी लक्षात ठेवा. अॅक्रिलिक पाण्याने पातळ होतो (काही ब्रँडचा अल्कोहोलने), लवकर वाळतो आणि मूळ रंगासाठी चांगला. इनॅमल टर्पेंटाइनने पातळ होतो आणि सावकाश वाळतो. ऑइल कलर तर त्याहून सावकाश, आणि मळवताना हा उशीरच उपयोगी पडतो, कारण चुकलं तर पुसायला वेळ मिळतो. मूळ रंग अॅक्रिलिकचा आणि वरचा मळ इनॅमल किंवा ऑइलचा ठेवला, तर वरचं पुसताना खालचं उठत नाही. उलटं केलंत, म्हणजे इनॅमलवर टर्पेंटाइनचा मळ चढवलात, तर दोन्ही मिळून बोळ्यावर येतात.

विदेशी मॉडेल-रंग महाग आहेत. मूळ रंगासाठी ते घ्या, कारण त्यांची पूड बारीक दळलेली असते आणि जाड थर बसत नाही. मळासाठी मात्र शाळेच्या चित्रकलेपासून ओळखीचे कॅमलचे ऑइल कलर पुरतात. दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या त्या उद्योगाच्या बर्न्ट अंबरच्या एका ट्यूबवर माझी बरीच वर्षं निघाली, कारण एका वेळी लागतो वाटाण्याएवढा.

हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘थिनर द्या’ म्हणालात तर बहुधा एनसी थिनर हातात पडतं. ते प्लॅस्टिक खातं. माझ्या पहिल्या जीपचं बॉनेट मी त्यानेच पुसायला गेलो आणि बॉनेट बोळ्याला चिकटून आलं.

कामाचा क्रम काय?

साबणाच्या पाण्याने धुणं, प्रायमर, मूळ रंग, मग चकचकीत वार्निशचा एक हात. त्यावर डिकल म्हणजे पाण्याने सुटणारी चित्रं-अक्षरं. खरखरीत पृष्ठभागावर डिकल लावलं तर खाली हवा अडकते आणि उन्हात धरल्यावर ते चंदेरी दिसतं, म्हणून आधी चकचकीत हात. डिकलवर पुन्हा वार्निश. मग वॉश (म्हणजे फटींत सोडायचा अगदी पातळ रंग), उडालेला रंग, ओघळ, चिखल आणि सगळ्यात शेवटी कोरडी धूळ. मॅट वार्निश धुळीच्या आधी मारा. नंतर मारलं तर निम्मी धूळ त्यात गडप होते आणि गाडी पुन्हा धुतल्यासारखी दिसते.

लाल रंग नीट का बसत नाही?

लाल पूड पारदर्शक असते, खालचा रंग वर दिसतो. काळ्या किंवा गडद प्रायमरवर ती विटकरी दिसते आणि मग माणूस थरावर थर देत बसतो. प्रायमर पांढरा किंवा फिका गुलाबी ठेवा, तीन पातळ हातांत काम होतं. पट्टा पिवळा असेल तर पिवळा आधी मारून, त्यावर मास्किंग टेप लावून मग लाल मारायचा. टेपच्या कडेवरून आधी पिवळ्याचाच एक हलका हात फिरवलात तर फट बुजते आणि लाल आत झिरपत नाही.

लाल फिका करायला पांढरा मिसळू नका, गुलाबी होईल. थोडा नारिंगी किंवा बदामी मिसळा. आणि तो फिका केलाच पाहिजे. डबीतला रंग जसाच्या तसा मारला तर लहान वस्तूवर तो भडक वाटतो. शिवाय उन्हाने विटतो तो टपाकडचा, खिडक्यांच्या वरचा भाग. पायऱ्यांजवळचा लाल बराच टिकून असतो.

एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंगाचा बारीक फवारा मारणारं यंत्र, घ्यावंच लागतं का?

नाही. सपाट केसांचा चांगला ब्रश आणि दुधाइतका पातळ रंग पुरतो. घेणारच असाल तर ०.३ मिलिमीटरचं नोझल आणि १५ ते २० पीएसआय दाब इथून सुरुवात करा. धुण्याचा आळस असेल तर घेऊच नका.

वॉश म्हणजे नक्की काय करायचं?

ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करायचा आणि बारीक ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवायचं. रंग स्वतःच फटीतून पळत जातो, आपण बघत राहायचं. चकचकीत पृष्ठभागावर तो सरळ धावतो, मॅटवर पसरून डाग पडतो. अर्ध्या तासाने बाहेर आलेला रंग टर्पेंटाइनमध्ये किंचित ओलसर केलेल्या ब्रशने ओढून घ्या.

काळा वॉश वापरू नका. लाल गाडीला गडद तपकिरी, हिरव्याला तपकिरीत थोडा काळा, पांढऱ्या अॅम्बॅसडरला करडा. पांढऱ्यावर काळा वॉश दिला की ती गाडी वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रासारखी रेघारेघांची दिसते. आणि न रंगवलेल्या प्लॅस्टिकवर, विशेषतः आसाच्या जोडावर, वॉशचं तळं साचू देऊ नका. तिथे प्लॅस्टिक ठिसूळ होऊन तडकतं.

एसटीला गंज कुठे दाखवायचा?

अंगावर शक्यतो कुठेच नाही. सर्वांत जास्त चुका इथे होतात. जुन्या लाल गाड्यांचं अंग अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं. अॅल्युमिनियम तांबडं गंजत नाही. झाडाची फांदी घासली, शेजारच्या गाडीने कोपरा चेपला की लालच्या खालून निघतो तो मळकट चंदेरी पत्रा. नारिंगी गंज दाखवायचा तो खालच्या लोखंडी सांगाड्यावर, चाकांच्या नटांपाशी, टपावर जायच्या शिडीच्या जोडांना. अलीकडे महामंडळाने पोलादी सांगाड्याच्या, पत्र्याच्या गाड्या आणल्या, त्यांना वेगळे नियम. तेव्हा आधी गाडी कुठल्या काळातली ते ठरवा.

उडालेला रंग दाखवायला भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा चिमटीत धरा, चंदेरी-करड्या रंगात बुडवा, कागदावर जवळजवळ सगळा टिपून घ्या आणि कडांवर हलकेच टेकवा. जास्त हवं असेल तर हेअरस्प्रेची युक्ती आहे: खाली धातूचा रंग, त्यावर वार्निश, मग हेअरस्प्रे, त्यावर लाल अॅक्रिलिक. वाळल्यावर ओल्या ब्रशने घासलं की हेअरस्प्रे विरघळतो आणि लालचे पोपडे निघतात. मुख्य रंगच निघतो, त्यामुळे हिशोबात घासा.

लोखंडी ट्रकवर गंज खुशाल दाखवा, पण त्यालाही वय असतं. ताजा गंज नारिंगी, जुना काळपट तपकिरी. आधी जुना मोठ्या भागावर, मग ताजा त्याच्या मध्ये थोडासा. आपला गेरू म्हणजेच लोहाचा ऑक्साइड, म्हणजे गंजाचा सख्खा भाऊ. विदेशी डब्यांतून ‘रस्ट पिगमेंट’ म्हणून येतं ते मूळ याच घराण्यातलं. दिवाळीत अंगण सारवून झाल्यावर उरलेला गेरू मी ठेवून देतो.

धूळ आणि चिखल कसा करायचा? खरी माती चालते का?

चालते, आणि जिथली गाडी तिथलीच माती आणा. कोकणात जांभ्याची तांबडी, देशावर आणि मराठवाड्यात काळी. काळी माती वाळली की काळी राहत नाही, करडी-राखाडी होते. फोटोत ओला चिखल बघून सुकलेल्या गाडीवर काळा रंग लावणारे इथे फसतात. एकाच गाडीवर दोन्ही रंग दाखवायचे असतील तर तसा मार्ग सुचवा: गाडी घाट उतरून आली आहे, वर करडी सुकलेली धूळ आणि चाकांच्या कमानीत ताजा तांबडा चिखल.

माती तव्यावर भाजून घ्या, नाहीतर तिच्यातल्या पालापाचोळ्याला बुरशी येते. मग खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ करा. साध्या चाळणीतून काढलेली माती १:४३ वर खडीसारखी दिसते. रांगोळीचं तेच, तिचे दाणे फार मोठे. ती रस्त्याकडेची बारीक खडी म्हणून वापरा. चिखलासाठी माती, पातळ केलेला फेविकॉल आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब. साबण घातला नाही तर फेविकॉलचं पाणी मोत्यासारखं गोळा होऊन बसतं. धुळीसाठी कोरडी पूड ब्रशने कोपऱ्यांत टाकायची आणि ब्रशच्या टोकाने टर्पेंटाइनचा थेंब शेजारी सोडायचा. ते पसरून पूड धरून ठेवतं. गावाकडची माती नसेल तर मऊ पेस्टल खडू ब्लेडने खरवडा.

आता कुठे लावायची. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल चाकामागच्या पत्र्यावर तिरका जातो, म्हणून शिंतोडे ब्रशचे केस काडीने झटकून त्याच दिशेने उडवा. बसची मागची बाजू सगळ्यात मळकी, कारण धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि उडालेली धूळ तिथेच ओढली जाते. बाजूंना हात पोहोचेल तेवढ्या उंचीपर्यंत गाडी धुतलेली असते, त्यावर झाडूचे फटकारे. टपावर कुणीच जात नाही. तिथे धूळ, पावसाने ती वाहून झालेले ओघळ, आणि गाडी झाडाखाली मुक्कामी राहत असेल तर कावळ्यांची देणगी.

खिडक्यांखालचे ओघळ?

घाटात धावणारी एसटी करताय आणि खिडक्यांखाली ओघळ नाहीत, तर प्रवासी कोण होते असं मी विचारेन. वरंध घाटात निम्मी गाडी खिडकीबाहेर डोकं काढून असते. फिक्या पिवळट ऑइल कलरचा बारीक ठिपका खिडकीच्या खालच्या काठावर ठेवा आणि टर्पेंटाइनच्या ओलसर सपाट ब्रशने एकदाच ओढा. पण ओढायचा सरळ खाली नाही, किंचित मागे, कारण गाडी चालू होती. पानाचे ओघळ याच रीतीने, रंग तेवढा कात-चुन्याचा. एका बाजूला तीन-चार पुरेत.

काचा धुरकट होतात, काय चुकतं?

फेविक्विकसारखा झटपट गम. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी साय धरते. काचांना फेविकॉल लावा, वाळल्यावर तो दिसत नाही. पुढच्या काचेवर वायपरने पुसलेली कमान हवी असेल तर त्या आकाराचा टेपचा तुकडा कापून काचेवर चिकटवा, धूळ बसवा, टेप काढा. पाहणारा पहिल्यांदा तिथेच बघतो.

पाट्या, नंबर, ट्रकमागची अक्षरं?

प्रवासी आणि मालवाहू गाड्यांना पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं, खासगी गाडीला पांढऱ्यावर काळी. हे चुकलेलं मॉडेल कितीही छान असलं तरी जाणकार तिथेच हसतो. एसटीचे वेडे त्याहून पुढचे असतात. अलीकडच्या गाड्यांत एमएच १४ बघून ते दापोडीच्या कार्यशाळेतली म्हणतात, एमएच २० बघून चिकलठाण्याची, एमएच ४० बघून नागपूरच्या हिंगण्याची. तेव्हा नंबर मनाने टाकू नका.

ट्रकमागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायचं तर गाडी २०१५ च्या आधीची धरा. महाराष्ट्रात त्या वर्षी ते लिहायला बंदी आली. बंदीनंतरही रस्त्यावर दिसतं हे खरं, पण मग कुणी विचारलं तर उत्तर तयार ठेवा. लिंबू-मिरची शिवणाच्या दोऱ्याची होते. आणि दसऱ्याच्या दिवसाची गाडी करत असाल तर वरचं मळाचं सगळं विसरा. त्या दिवशी गाडी धुऊन लख्ख असते, बॉनेटवर हळदकुंकू, जाळीला झेंडूचा हार. दसऱ्यानंतर आठवड्याची गाडी मात्र मजेची: हाराचा वाळका दोरा, काचेवर फिकटलेला कुंकवाचा स्वस्तिक आणि पुन्हा जमू लागलेली धूळ.

रणगाडा करायचा आहे. खरा कुठे बघायला मिळेल?

नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ पासून आहे. १९६५ च्या युद्धात हाती लागलेल्या पॅटनपासून आपल्या विजयंतपर्यंत बरेच रणगाडे तिथे हाताच्या अंतरावर दिसतात. वेल्डिंगच्या शिवणी, ओतीव पोलादाचा खरखरीतपणा, चाकांच्या रबराची जाडी हे सगळं डोळ्यांत भरून आणा. पण मळ तिथून शिकू नका. प्रदर्शनातल्या रणगाड्यांना वेळोवेळी रंग दिलेला असतो आणि ते कुठे जात नाहीत. त्यांच्यावरचा मळ पावसाचा आहे, रणांगणाचा नाही. चिखलासाठी रस्त्यावर काम करणारा जेसीबी बघा.

रणगाडा ज्यांवर चालतो त्या पोलादी पट्ट्यांचा रंग नारिंगी करू नका. पट्टा फिरत असतो, जमिनीला घासतो, त्यामुळे तो गडद तपकिरी राहतो आणि जमिनीला टेकणारे पोलादी उंचवटे चकाकतात. तिथे मऊ पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळा. रबराचे ठोकळे असतील तर ते चकाकत नाहीत.

तंत्रं बघायची तर १९८० च्या दशकात बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडनने वॉश आणि ड्रायब्रशची जी जोडी लोकप्रिय केली, तिथून सुरुवात करा. ड्रायब्रश म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिका रंग घासणं. नंतर स्पेनच्या मिग हिमेनेझसारख्यांनी पिगमेंटची कोरडी पूड आणि ऑइल कलरचे थर रुळवले. आजकाल ड्रायब्रशला नाक मुरडतात. मी अजून वापरतो, पण जाळ्या आणि नटांपुरता.

पावसाळ्यात वार्निश पांढरं पडलं. गाडी गेली का?

बहुधा नाही. हवेत दमटपणा फार असला की उडून जाणाऱ्या द्रावकामुळे पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली वाफ धरते आणि वार्निशमध्ये पांढुरकी झाक येते. एका जुलैत माझी दोन महिन्यांची एसटी अशी दुधात बुडवल्यासारखी झाली. कोरड्या दिवसाची वाट बघा आणि चकचकीत वार्निशचा पातळ हात द्या, बरेचदा झाक जाते. वाळल्यावर पुन्हा मॅट. जून ते सप्टेंबर मी स्प्रेला हात लावत नाही. ते महिने कापाकापी, घासाघाशी आणि ब्रशच्या कामाचे.

मळ जास्त झाला तर?

ऑइल कलरचा असेल तर दुसऱ्या दिवशीही टर्पेंटाइनने बराच निघतो. पूड असेल तर ओल्या कापसाच्या काडीने. काही निघालं नाही तर त्यावर मूळ रंगाचा अगदी पातळ हात द्या, खालचा मळ जुना होऊन जातो. हा अपघाताने सापडलेला उपाय आता मी मुद्दाम करतो.

धोके?

स्प्रे आणि थिनर खिडकी उघडी ठेवून. पूड चाळताना, वाळलेला रंग घासताना तोंडाला मास्क. टर्पेंटाइनचे बोळे गॅसजवळ नकोत. दोन घटक मिसळून बनणारं गाड्यांचं कडक वार्निश घरात वापरू नका, त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक आहे. मुलांना अॅक्रिलिक आणि पेस्टल द्या, तेवढ्यात ती खूश असतात.

कपाटाबाहेर ठेवलेल्या गाडीवर खरी धूळ बसली, तर ती राहू द्यावी का? आयतीच मळली.

हा प्रश्न दर वेळी कुणीतरी हसत विचारतंच. राहू देऊ नका. घरातल्या धुळीत कपड्यांचे तंतू असतात आणि ते १:४३ च्या टपावर दोरखंडासारखे दिसतात. शिवाय ती सगळीकडे सारखी बसते, चाकामागे जास्त आणि दारावर कमी असा भेद तिला कळत नाही. मेकअपचा मऊ ब्रश आणि कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी फुगा ठेवा, महिन्यातून एकदा. आरसे आणि वायपरपासून दूर फिरवा, तेच सगळ्यात आधी मोडतात.